गाडी ओढत नाही आणि आजीला गाडी लागते

मित्रांनो, मेकॅनिकलला ॲडमिशन घेतल्याचा सगळ्यात मोठा तोटा कोणता माहितीये? घरातलं, शेजारचं, नात्यातलं जे काही यंत्र बिघडेल ते आपल्यापुढे आणून ठेवलं जातं. "अरे तू इंजिनिअर होणार ना, बघ जरा." मग तो मिक्सर असो, मोटारपंप असो नाहीतर काकांची स्कूटर. आपण गंभीर चेहरा करून दोन स्क्रू काढतो, एक हरवतो आणि "बेअरिंग गेलंय बहुतेक" असं सांगून सुटका करून घेतो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र सुटका झाली नाही. सबमिशन संपवून साताऱ्याला घरी पोचलो तर बाबा पायरीवरच बसलेले. म्हणाले, "गाडीचं इंजिन गेलं. अठ्ठेचाळीस हजार सांगतोय गॅरेजवाला."

आमची गाडी म्हणजे पुण्यातून घेतलेली २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. तक्रार अशी की गाडी ओढत नाही. सपाट रस्त्याला ठीक, पण खंबाटकी चढायला लागली की दुसऱ्या गिअरमध्येही जीव जातो. ॲव्हरेज १७ वरून ११ वर आलेलं. गॅरेजवाल्याने चक्कर मारली आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल."

आयसी इंजिनच्या पेपरला मला ७८ मार्क होते. ऑटो सायकलची एफिशिअन्सी मी झोपेतसुद्धा डिराइव्ह करून दिली असती. पण बॉनेट उघडल्यावर रिंगा गेल्या की नाही हे कसं कळतं, हे मला सांगता येईना. तेव्हाची लाज मी विसरलेलो नाही, आणि त्यातूनच हा लेख लिहितोय. गाडीवाल्यांच्या नेहमीच्या तक्रारी, त्यामागचं कारण आणि ते ओळखायचं कसं, हे सगळं पुढे आहे. आमच्या गाडीचं काय झालं तेही ओघात येईलच.

इंजिनाचा श्वास

शाळेतल्या पोरालाही पाठ असतं : सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. आपण पॉवर स्ट्रोकवर प्रेम करतो आणि एक्झॉस्टला परीक्षेत दोन ओळी देतो. खरं तर इंजिन हा एक पंप आहे. आतली जळकी हवा बाहेर गेली तरच नवी आत येणार. माणसाचं तोंड दाबून धरा, त्याला श्वास सोडताही येणार नाही आणि घेताही येणार नाही. इंजिनाचंही तसंच.

आता केमिस्ट्री. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे आपण पंपावर पेट्रोलचे पैसे देतो, पण गाडी खाते ती मुख्यतः हवा. हे प्रमाण बरोबर असेल तर बाहेर पडतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि हवेतला नायट्रोजन. हवा कमी पडली की मिश्रण 'रिच' होतं. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन' होतं. गाडी अडखळते, गरम होते.

हे प्रमाण सांभाळायला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो रिच मिश्रणाला ०.९ व्होल्टच्या आसपास आणि लीनला ०.१ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. ईसीयू तो वाचून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. म्हणजे इंजिनाची नाडी आपण सायलेन्सरच्या बाजूने तपासतो! डॉक्टर जीभ बघतात, मिस्त्री धूर बघतो, त्यात चूक काही नाही.

धुराचे तीन रंग

पांढरा धूर : डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू केली की मागून पांढरी वाफ येते आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं आणि थंड पाइपात जमून ठिबकतंही. पाच-दहा मिनिटांत पाइप तापला की बंद होतं. पण इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरच्या बाटलीतलं कूलंट दर आठवड्याला कमी होत असेल, तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. कूलंट सिलेंडरमध्ये शिरून जळतंय. ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा. आत दुधी कॉफीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असू शकतं. (फक्त जवळच फिरणाऱ्या गाडीला हिवाळ्यात झाकणापुरता थोडा थर नुसत्या दमटपणामुळेही येतो, त्यामुळे डिपस्टिकही बघा.)

निळा धूर : ऑइल जळतंय. इथे 'कधी' हा प्रश्न महत्त्वाचा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एक निळा भपकारा येऊन मग थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरतं. घाट उतरताना पाय काढून ठेवला आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की भपकारा येतो, तेही सीलचंच लक्षण. याउलट चढाला जोर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. सीलचं काम आणि रिंगांचं काम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हा प्रश्न विचारल्याशिवाय "करा" म्हणू नका.

काळा धूर : पेट्रोल जास्त, हवा कमी. सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे चोंदलेला एअर फिल्टर. त्यानंतर गळका इंजेक्टर, बिघडलेला सेन्सर. डिझेलला काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, यांपैकी एखादा.

आमच्या गाडीला निळा धूर अजिबात नव्हता. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

ती पिवळी लाईट

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाईट पेटलेली होती. विचारलं तर बाबा म्हणाले, "ती होय? ती दोन वर्षं लागलेलीच आहे. गाडी चालते ना!"

मंडळी, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. भारतात बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडी-१ आणि २०१३ पासून ओबीडी-२ आली. स्टिअरिंगच्या खाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं की मोबाईलवर फॉल्ट कोड दिसतात. हॉस्टेलवरच्या एका मित्राकडून मी ते आणलं होतं. दोन कोड आले : पी ०३०२ आणि पी ०४२०. पहिल्याचा अर्थ दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर. दुसऱ्याचा अर्थ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही.

मी लगेच निष्कर्ष काढला, "कन्व्हर्टर बदला." इथेच आपण पुस्तकी लोक चुकतो. कोड हे लक्षण सांगतो, रोग नाही. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतं. टायफॉइड की मलेरिया ते सांगत नाही. बाबांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो.

चाचांची तपासणी

चाचांनी यंत्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि आधी बाबांना प्रश्न विचारले. कधीपासून? हळूहळू की एकदम? थंड असताना की गरम झाल्यावर? वेगात गेल्यावर दम संपतो का? मग चारही प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारला. चारही सिलेंडरला १२ किलोच्या आसपास प्रेशर आलं. "रिंगा गेल्या असत्या तर काटा एवढा वर आला असता का?" एवढंच म्हणाले. अठ्ठेचाळीस हजारांचं इंजिनकाम दहा मिनिटांत रद्द झालं.

दोन नंबरचा प्लग काळा आणि ओलसर होता, पेट्रोलचा वास मारत होता. त्याची कॉइल तीन नंबरला लावून बघितली, तर मिसिंगही तीन नंबरला गेलं. म्हणजे कॉइल खराब. हा अदलाबदलीचा उपाय लक्षात ठेवा. एक पैसा लागत नाही.

नवी कॉइल लावली, मिसिंग थांबलं. तरी गाडी ओढेना. मग चाचांनी मॅनिफोल्डवरचा ऑक्सिजन सेन्सर खोलून काढला आणि भोक तसंच उघडं ठेवून गाडी चढावर नेली. बोंब मारत, भयंकर आवाज करत गाडी चढ सपासप चढली! बाबा बघतच राहिले. चाचा म्हणाले, "बाळा, हिचं नाक बंद होतं. एक भोक पाडून दिलं तर श्वास घ्यायला लागली."

कारण असं. कॅटकॉनच्या आत सिरॅमिकची जाळी असते, दर चौरस इंचात साधारण ४०० बारीक नळ्या. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. २५०-३०० अंशांना ती जागी होते आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा निकाल लावते. आता एका सिलेंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल तर तिथलं कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही सरळ जाळीवर येऊन तिथे पेटतात. तापमान १४०० अंशांच्या आसपास गेलं की सिरॅमिक वितळायला लागतं आणि नळ्या बुजतात. आमच्या गाडीत हे दोन वर्षं चाललं होतं, त्या पिवळ्या लाईटच्या साक्षीने.

नळ्या बुजल्या की बॅक प्रेशर वाढतं. जळका वायू पूर्ण बाहेर जात नाही, सिलेंडरमध्येच उरतो, नव्या हवेला जागा राहत नाही. व्हॉल्यूमेट्रिक एफिशिअन्सी हा शब्द आपण व्याख्येपुरता पाठ करतो. मला तो त्या चढावर समजला. कमी आरपीएमला वायू थोडा असतो म्हणून गाडी ठीक वाटते; जोर दिला की गुदमरते. म्हणूनच तक्रार घाटातच यायची.

आणि आजी

इथपर्यंत सगळं पैशांचं होतं. पुढचं वेगळं आहे.

आजीला डोळ्यांच्या तपासणीला दर महिन्याला पुण्याला न्यावं लागतं. पाय लांब करता यावेत म्हणून ती मागे बसते. सहा महिन्यांपासून तिला "गाडी लागायला" लागली होती. डोकं दुखायचं, मळमळायचं, शिरवळच्या पुढे हमखास उलटी. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, गोळ्या झाल्या. धाकट्या बहिणीचंही डोकं दुखायचं, पण "तू मोबाईल बघत बसतेस म्हणून" असं तिला ऐकून घ्यावं लागायचं. पुण्याला पोचून दुपारभर पडली की संध्याकाळी आजी ठणठणीत. मग एकच वाक्य : "वय झालं आता, गाडी सोसत नाही."

चाचांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि टेस्टर लावला. कॅटकॉनच्या पुढचा फ्लेक्झिबल पाइप, म्हणजे तो विणलेल्या जाळीचा लवचिक तुकडा, काळ्या काजळीने माखलेला होता. चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी त्यांनी जाड फडकं क्षणभर दाबलं, तर फ्लेक्झिबलमधून 'फुस्स' असा आवाज स्पष्ट आला. पुढे वाट बंद असल्यामुळे दाब वाढून तो फाटला होता. मग त्यांनी मागच्या सीटच्या पायाखालची मॅट उचलली. फ्लोअरला एक रबरी बूच असतं, ते नव्हतंच. भोकातून खालची जमीन दिसत होती.

चाचांनी बाबांना विचारलं, "मागं कोण बसतं?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला आणि पोटात गोळाही आला. कॅटकॉनच्या आधीच्या धुरात, इंजिन अगदी नीट चालत असतानासुद्धा, अर्धा ते एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणजे दहा लाखांत ५ ते १० हजार भाग. बंद खोलीच्या हवेत २०० भाग असले तरी दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं; ८०० भाग झाले तर पाऊण तासात चक्कर आणि मळमळ. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्टपणे त्याला धरून ठेवतं. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात. आजी संध्याकाळी बरी का व्हायची, त्याचं उत्तर हे. गाडीत तो नेमका किती होता हे कुणी मोजलं नव्हतं. पण लक्षणं, भोक आणि फाटका पाइप एका रेषेत उभे होते.

गाडी लागणं आणि वायू लागणं यातला फरक आम्हाला आधीच दिसायला हवा होता. गाडी लागते ती वळणांनी, हेलकाव्यांनी. गाडी थांबली की बरं वाटतं. आजीला सर्वात जास्त त्रास व्हायचा तो कात्रजच्या पुढे ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना. वायू खाली साचायचा आणि भोकातून वर यायचा. शिवाय एकाच गाडीत बसणाऱ्या दोघींचं एकाच वेळी डोकं दुखत होतं. एकीला वयामुळे, दुसरीला मोबाईलमुळे, अशी दोन निराळी कारणं आम्ही शोधली. एकच कारण शोधायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. गाडीत दोघांना एकदम डोकेदुखी, मळमळ, सुस्ती वाटली तर आधी काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि बाहेर पडा. त्रास जास्त असेल तर सरळ डॉक्टरकडे जा आणि धुराचा संशय असल्याचं सांगा. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. एसी लावून उभ्या गाडीत झोपू नका. डिकी उघडी ठेवून गाडी चालवू नका, कारण गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

"जाळी काढून टाकू"

आता खर्चाचा प्रश्न. नवा कॅटकॉन महाग असतो; आतल्या धातूंचीच किंमत असते ती. पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केल्यावर त्याने सोपा उपाय सांगितला. "आतली जाळी फोडून काढतो, रिकामा डबा परत बसवतो. पंधराशे रुपये. पिकअप तर आणखी वाढेल!"

बाबांनी दोन दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा केला. दिवाळीचा महिना, बहिणीची फी भरायची होती. पण हिशेब साधा होता. जो वायू सहा महिने आजीच्या नाकात गेला तोच मग साताऱ्याच्या प्रत्येक सिग्नलला आमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जाणार. त्याच्या पुढे उभं राहिलेलं पोर असलं तर त्याची उंची नेमकी आमच्या सायलेन्सरएवढी. शिवाय जाळी काढणं कायद्यात बसत नाही आणि पीयूसीलाही गाडी अडकते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. कॅटकॉनशिवाय तो तेवढा राहणं कठीण.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगितली. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन आला १९९५ मध्ये, आणि त्यासाठीच बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं त्या मुलाम्याला निकामी करतं. २००० मध्ये देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. एका डब्याच्या निमित्ताने हवेतलं शिसंही गेलं! तो डबा आपण पंधराशे रुपयांत फोडायचा?

शेवटी कॉइल, प्लग, फ्लेक्झिबल, कॅटकॉन, मजुरी मिळून एकोणतीस हजार झाले. रबरी बुचाचे चाचांनी पैसेच घेतले नाहीत. रक्कम छोटी नाही. पण अठ्ठेचाळीस हजार घालून इंजिन उघडलं असतं, नव्या रिंगा टाकल्या असत्या, तरी गाडी ओढली नसतीच. आणि आजी मागेच बसली असती. खरं तर दोन वर्षांपूर्वी लाईट लागली तेव्हाच कॉइल बदलली असती तर काम अडीच-तीन हजारांत मिटलं असतं.

आणखी काही नेहमीच्या तक्रारी

थंड असताना टक-टक, गरम झाल्यावर बंद : मॅनिफोल्डचं पॅकिंग लीक असू शकतं. धातू तापून फुगला की फट बुजते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि ईसीयू उगाच जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे आवाजाची तक्रार ॲव्हरेजला भोवते.

सायलेन्सर दर दोन वर्षांनी सडतो : गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर पाइप पुरता तापत नाही, आतलं पाणी वाळत नाही, पत्रा आतून गंजतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याला चालवा.

घाटात इंजिन गरम : कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण, याच क्रमाने बघा. झाकण सिस्टीममध्ये दाब राखतं, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाब गेला की क्षणात उकळून अंगावर येतं.

पाण्यात बंद पडलेली गाडी : २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसानंतर गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळी सायलेन्सरपेक्षा जास्त धोका एअर फिल्टरच्या वाटेने सिलेंडरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करू नका, ढकला आणि टो करा. या एका नियमाने इंजिन वाचतं.

बीएस-६ डिझेलची डीपीएफ लाईट : एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर सर्रास असतो. तो साधारण ६०० अंशांना स्वतःची काजळी जाळून साफ होतो. नुसत्या शहरातल्या फेऱ्यांनी ते तापमान येत नाही. लाईट लागली की मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेला एकसलग चालवा. दुर्लक्ष केलंत तर गोष्ट आमच्या कॅटकॉनसारखीच होईल.

ई-२० पेट्रोलनंतर ॲव्हरेज कमी : इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. २० टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ॲव्हरेज एवढ्याने घटलं तर समजण्यासारखं आहे. पण आमच्यासारखं १७ चं ११ झालं तर पेट्रोलला दोष देऊन गप्प बसू नका, दुसरं काहीतरी बिघडलंय.

गॅरेजला जाण्याआधी

पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. धूर कोणत्या रंगाचा आणि कधी येतो. आवाज थंड असताना की गरम असताना. तक्रार हळूहळू वाढली की एकदम आली. ऑइल आणि कूलंट महिन्यात किती कमी झालं. कोणती लाईट कधीपासून लागलीये. आणि कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हटलं तर नम्रपणे एकच विचारा, "कॉम्प्रेशन किती आलं?" मोजलंच नसेल तर दुसरं गॅरेज बघा.

कॉलेजच्या लॅबमध्ये आपण कापलेलं इंजिन बघतो. लाल-निळा रंग दिलेला असतो, एक्स्टर्नलसमोर बोट दाखवून भागांची नावं सांगतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या इंजिनाच्या मागच्या सीटवर कुणी बसलेलं नसतं. चाचांचं शिक्षण किती ते मला माहीत नाही, पण "मागं कोण बसतं?" हा प्रश्न त्यांनी विचारला, ७८ मार्कवाल्याने नाही.

पाडव्यानंतर आजीला पुण्याला घेऊन गेलो. गाडी मीच चालवत होतो आणि दर दहा मिनिटांनी आरशात बघत होतो. शिरवळ गेलं, कात्रज गेलं, ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं उभे राहिलो. शेवटी न राहवून विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीये?" आजी म्हणाली. "पुढं बघून गाडी चालव. आणि भूक लागलीये, कुठंतरी थांबव."